घरचं नेट निवडताना

(विक्रोळी पार्कसाइट इथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आधी 'तंत्रज्ञान आणि समाज' असा काहीतरी वजनदार विषय देणार होते. मी म्हटलं, त्यातलं मला काही कळत नाही. मी सहा वर्षं इंटरनेटची वायर ओढलेली आहे. पार्कसाइटच्या चढावर, वर्षानगरच्या पायऱ्यांवर, लाइनीच्या पलीकडे टागोर नगर आणि कन्नमवार नगरात. खांद्यावर वायरचं भेंडोळं, कमरेला क्रिम्पिंगचा पक्कड. त्यामुळे मी वायरीबद्दलच बोलेन. शेवटी बोलणं घरातल्या माणसांकडे वळेल, पण वायर त्यांच्यापर्यंतच जाते, म्हणून.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: भाई, कुठलं नेट चांगलं? म्हणजे कुठली कंपनी. या प्रश्नाला उत्तर नाही. जे नेट कन्नमवारच्या टॉवरमध्ये मस्त चालतं, तेच सूर्यानगरच्या वरच्या गल्लीत रडतं. कंपनी तीच, प्लॅन तोच. फरक असतो शेवटच्या पन्नास-शंभर मीटरमध्ये. म्हणून आधी गल्लीत जाऊन वर बघा. तुमच्या दारापर्यंत नेमकं काय येतंय?

आपल्याकडे साधारण तीन गोष्टी येतात. जुनी पद्धत म्हणजे लॅनची वायर, निळी किंवा करडी, बोटाएवढी जाड नाही पण जाणवेल अशी. गल्लीतला केबलवाला बहुतेक तीच द्यायचा, अजूनही काही जण देतात. या वायरीची मर्यादा 100 मीटरची. त्यापुढे सिग्नल न्यायचा तर मध्ये स्विच लावावा लागतो. म्हणजे कुणाच्या तरी गच्चीवर, जिन्याखाली, मीटरच्या बाजूला एक पत्र्याचा डबा, आणि त्या डब्याला वीज. आता विचार करा. तुमच्या घरी लाइट आहे, पण तीन घरं सोडून ज्या मीटरवरून त्या डब्याला वीज दिलीय तिथला फ्यूज उडाला. तुमचं नेट गेलं. पावसाळ्यात तर डब्यात पाणी शिरतंच.

दुसरी फायबर. काळी किंवा पांढरी, चपटी, आत केसाएवढी काच. त्यातून वीज जात नाही, उजेड जातो. मधल्या वाटेवर एक स्प्लिटर असतो, तो एका फायबरचा उजेड आठ, सोळा, बत्तीस घरांत वाटतो, आणि त्याला विजेची गरज नसते. म्हणजे वीज हवी ती फक्त दोन टोकांना: कंपनीच्या खोलीत आणि तुमच्या घरात. तिकडे बॅटरी असतेच. तुमच्याकडे राउटरसाठी छोटा यूपीएस असला की वस्तीत अंधार असतानाही नेट चालतं. हा यूपीएस घेताना अडॅप्टरवर व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर किती लिहिलेत ते बघून तेवढ्याचाच घ्या, नाहीतर राउटर जाळून बसाल.

तिसरी गोष्ट हवेतून येते. एअरटेलने ऑगस्ट 2023 मध्ये आणि जिओने सप्टेंबर 2023 मध्ये एअरफायबर आणलं. नावात फायबर आहे, पण घराशी फायबर नाही. बाहेर एक डबा बसवतात, तो 5जी टॉवरचा सिग्नल पकडतो. जिथे वायर ओढायला सोसायटी परवानगी देत नाही, जिथे डोंगराच्या वरच्या अंगाला कुणी फायबर नेत नाही, तिथे हे उपयोगी. पण डब्याला टॉवरचा सिग्नल नीट मिळायला हवा. पार्कसाइटचा उतार बघा, एका घराच्या पत्र्यावर पूर्ण सिग्नल आणि खालच्या घराला भिंत आडवी. बसवायला आलेल्या मुलाला आधी मोबाइलवर मोजून दाखवायला सांगा, संध्याकाळी आठ-नऊच्या सुमारास, जेव्हा सगळी वस्ती व्हिडिओ बघत असते. दुपारी बारा वाजता सगळीकडे नेट छान चालतं.

आता पैसे. इथे मी हिशोब करून आणलाय, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत 'वायफाय परवडत नाही' असं म्हणतात आणि मग पाच माणसांचे पाच रिचार्ज मारतात. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा रिचार्ज तीनशेच्या आसपास गेला. 28 दिवसांचा म्हणजे वर्षात तेरा वेळा. पाच माणसं, तीनशे रुपये, तेरा वेळा: 19,500. आता दुसरी बाजू. जिओफायबरचा 30 एमबीपीएसचा प्लॅन 2020 मध्ये 399 रुपयांना आला. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 471. जाहिरातीत हा जीएसटी नेहमी बारीक अक्षरांत असतो. वर्षाचे साधारण 5,650. घरात दोघं बाहेर कामाला जातात असं धरू, त्यांचे डेटाचे रिचार्ज ठेवले तर 7,800. उरलेल्या तिघांना फक्त बोलायचा रिचार्ज. ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये नियम केल्यावर कंपन्यांना असे बिनडेटाचे प्लॅन ठेवावे लागले, ते वर्षाला दोन हजारांच्या आत पडतात. तिघांचे सहा हजार धरा. एकूण झाले 19,450.

बघा, वाचले फक्त पन्नास रुपये. मी खोटं सांगणार नाही, घरचं नेट घेतलं म्हणून पैसे वाचतात असं सगळ्यांचं होत नाही. पण आधी त्या पैशात एका माणसाला महिन्याला 42 जीबी मिळत होते. फायबरच्या या प्लॅनवर घराला महिन्याला 3,300 जीबीची मर्यादा असते, ती आपल्याच्याने संपत नाही. एअरफायबरचा सुरुवातीचा प्लॅन 599 चा आला, मर्यादा 1,000 जीबी, म्हणजे दिवसाला 33. तीही पुरते, पण टीव्ही सकाळपासून रात्रीपर्यंत नेटवर लावून ठेवणाऱ्या घराने हा आकडा डोक्यात ठेवावा. प्लॅन बदलत असतात, घेताना ताजे दर बघा. हिशोबाची रीत मात्र हीच ठेवा.

स्पीडबद्दल फार बोलत नाही. एचडी व्हिडिओला साधारण 5 एमबीपीएस लागतात. पाच माणसांच्या घराला 30 पुरतात. शंभर, दोनशे, तीनशे हे बहुतेक दाखवायचे आकडे. आणि एमबीपीएसला आठने भागा, तेव्हा डाउनलोडचा खरा वेग कळतो, नाहीतर '30 घेतले आणि पावणेचारच येतात' म्हणून माझ्याशी भांडायला येतात लोक. मात्र अपलोड विचारा. ऑनलाइन मुलाखत देताना, कॉलवर शिकवणी घेताना तुमचा चेहरा तिकडे पोचवतो तो अपलोड.

यापेक्षा महत्त्वाचं: बिघडल्यावर कोण येणार? इथे गल्लीतल्या केबलवाल्याला मी कमी लेखत नाही. मी त्यांच्यातूनच आलोय. रात्री दहाला फोन केला तर तो चप्पल घालून येतो. मोठ्या कंपनीत आधी मशीन बोलतं. पण ज्याच्याकडे पावती नाही त्याच्याविरुद्ध तक्रारही नाही. आमच्याच घराने एकाला वर्षाचे पैसे एकदम दिले होते, दोन महिने फुकट मिळणार म्हणून. पाचव्या महिन्यात त्याने धंदा गुंडाळला. कागद एक नव्हता. मी त्याच धंद्यातला माणूस आणि माझ्याच घरात हे झालं. तेव्हापासून मी सांगतो, महिन्याचा किंवा फार तर तीन महिन्यांचा प्लॅन घ्या. कन्नमवार नगरात ज्यांच्या इमारती पुनर्विकासाला जाणार आहेत, त्यांनी तर वर्षाचा घेऊच नये.

तक्रारीचा रस्ता लिहून घ्या. आधी कंपनीच्या नंबरवर तक्रार, तिचा डॉकेट नंबर जपून ठेवायचा. निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील, त्याला पैसे लागत नाहीत, 39 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे अर्ज करून वाट बघत बसू नका. ग्राहक हेल्पलाइन 1915. आणि त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग. पूर्वी कंपन्या म्हणायच्या की टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालतच नाहीत. वोडाफोन आयडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 16 फेब्रुवारी 2022 ला तो मुद्दा निकाली काढला, चालतात म्हणून. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही.

फोन करण्याआधी मात्र डबा बघा. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाची बत्ती असते. ती लाल लुकलुकत असेल तर उजेडच येत नाहीये, वायर तुटलीय, उंदराने कुरतडलीय किंवा कुणीतरी खिळ्याला गुंडाळून काटकोनात वाकवलीय. शंभरदा रिस्टार्ट करून काही होणार नाही. ती बत्ती शांत असेल तर रिस्टार्ट करून बघा. टेक्निशियन आला की पॉवर मीटरचं रीडिंग विचारा. उणे 27 च्या खाली गेलं असेल तर त्याला जोड पुन्हा करायला लावा. तुम्ही हा आकडा उच्चारलात की तो नीट काम करतो, अनुभवाने सांगतो.

आता माझ्या घरचं.

ऑक्टोबर 2020. माझी धाकटी बहीण टीवायबीकॉमला. मुंबई विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षा त्या वर्षी ऑनलाइन, तासाचा पेपर, पन्नास मार्क. आमच्याकडे तेव्हा लॅनचं नेट. 12 तारखेला सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड पडली आणि अख्ख्या मुंबईची वीज गेली. ट्रेन थांबल्या, तुम्हाला आठवत असेल. गच्चीवरचा डबा मेला. मोबाइलवर सगळं शहर एकदम तुटून पडलं, पान उघडेना. ती गल्लीच्या तोंडाशी हात वर करून उभी, मागे अम्मी छत्री धरून, उन्हासाठी. मी तेव्हा लोकांच्या घरी फायबर बसवत फिरत होतो. स्वतःच्या घरी बसवलं नव्हतं, कारण 'आपलं चाललंय की'. त्या दिवशी ज्यांचे पेपर बुडाले त्यांना पुन्हा संधी मिळाली, तिलाही मिळाली. पण तिने मला त्या रात्री एकच विचारलं, "तुझ्या गिऱ्हाइकांचं चालू होतं ना?"

डिसेंबरात फायबर घेतलं. आणि राउटर कुठे लावला? वरच्या माळ्यावर, जिथे मी झोपतो. कारण मी बसवणारा. पत्र्याखाली, लोखंडी शिडीच्या वर. खाली स्वयंपाकाच्या कट्ट्यापाशी, जिथे आपा शिवणकामाच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यायची आणि धाकटी अभ्यासाला बसायची, तिथे सिग्नल एक दांडी. पासवर्ड माझ्याकडे. रात्री अकराला मी नेट बंद करायचो, 'झालं, झोपा आता'. स्वतः मोबाइल डेटावर क्रिकेट बघायचो.

हे मी कुणा दुसऱ्याचं सांगत नाहीये. इथे बसलेल्या किती भावांकडे पासवर्ड आहे, हात वर करा. बरं.

केरळमध्ये कोझिकोडजवळच्या एका कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये नियम होता, ठरावीक वेळेत मोबाइल जमा करायचे. फहीमा शिरीन नावाच्या विद्यार्थिनीने नकार दिला. तिला हॉस्टेलमधून काढलं, ती उच्च न्यायालयात गेली. 19 सप्टेंबर 2019 ला निकाल लागला: इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तिला परत घ्यायला लावलं. धाकटीने मला ही बातमी पाठवली होती. माझ्याच वायफायवरून, दहा वाजून पन्नास मिनिटांनी.

राउटर आता खाली आहे, फ्रिजच्या बाजूला नाही, जरा लांब, फळीवर. 2.4 चा चॅनेल 1, 6 आणि 11 यांतला जो मोकळा दिसला तो लावला, कारण आमच्या गल्लीत एका जागी उभं राहिलं तरी तीस-चाळीस वायफाय दिसतात. घरात एकच खोली असेल तर 5 गिगाहर्ट्झ वापरा, भिंत आडवी नसेल तर तेच बरं चालतं. ऑर्डरींचे फोटो आता लगेच जातात, महिन्याचं बिल आपाच भरते. पासवर्ड धाकटीने बदलला. मला तीन दिवस दिला नव्हता.

आता प्रश्न घेऊ. ज्यांनी घरच्या डब्याचा आणि शेवटच्या बिलाचा फोटो आणलाय त्यांनी पुढे या, बाकीच्यांनी तोवर चहा घ्या.