बिनविरोध

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत वाचनालय गटातर्फे झालेले भाषण)



गणपतीच्या मांडवात राजकारण नको, हा आपल्या मंडळाचा जुना संकेत आहे आणि तो आम्हीही पाळतो. मत कोणाला द्यावे, यावर आज आम्ही एक शब्दही बोलणार नाही. बोलायचे आहे ते एका बटणाबद्दल, आणि ते दाबणाऱ्या आपल्या इंदूरकरांबद्दल. त्यांतले बरेच जण या सभागृहातच बसले असतील.

काय घडले ते आपल्याला ठाऊक आहेच. २९ एप्रिल २०२४ हा लोकसभेचा अर्ज मागे घेण्याचा आपल्याकडचा शेवटचा दिवस. त्या दिवशी काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. दुसरा उमेदवार देणे काँग्रेसला शक्य नव्हते, म्हणून त्या पक्षाने नोटाचे बटण दाबण्याचे आवाहन केले. १३ मे रोजी मतदान झाले, ४ जूनला निकाल लागला. विजयी उमेदवाराला १२,२६,७५१ मते पडली. दुसऱ्या क्रमांकावर माणूस नव्हताच, तिथे नोटा होता. त्याला २,१८,६७४ मते मिळाली. एवढी मते देशात आजवर कोणत्याही मतदारसंघात नोटाला मिळाली नव्हती. साधारण दर सात मतदारांमागे एकाने सांगितले, यांपैकी कोणीही नको.

हे सगळे एका पक्षाचे मतदार होते, असे समजण्याचे कारण नाही. आमच्या वाचनालयातल्या टेबलाचेच उदाहरण घ्या. संध्याकाळी तिथे आम्ही सात-आठ जण जमतो. एकाने आयुष्यभर काँग्रेसला मत दिले, त्याने नोटा दाबले. दुसऱ्याने आयुष्यभर भाजपला दिले, त्यानेही नोटाच दाबले. तो म्हणाला, "आपण जिंकणारच होतो. मग समोरचे पान उचलायची गरज काय होती?" तिसऱ्याने विजयी उमेदवारालाच मत दिले आणि त्याचे म्हणणेही खोडून काढता येत नाही: "पळाला तो त्यांचा उमेदवार. मी माझे मत का वाया घालवू?" चौथा घरीच बसला. त्या दिवशी पोहे-जिलबी खाऊन झोपलो, असे त्याने स्वतःच सांगितले. महिनाभर आमच्यात नीट बोलणे नव्हते. पण एका गोष्टीवर चौघांचेही एकमत होते. आपल्याला कोणी विचारलेच नाही.

हे या शहराला नवे आहे. १९६२ साली याच इंदूरने होमी दाजींना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले. १९८९ मध्ये प्रकाशचंद्र सेठी यांच्यासारख्या माजी मुख्यमंत्र्याला हरवून सुमित्राताई महाजन निवडून आल्या आणि पुढे सलग आठ वेळा निवडून येत राहिल्या. ताईंचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या आठही वेळा समोर कोणीतरी उभे होते, हे विसरू नये. समोर कोणी होते म्हणून त्या विजयाला वजन होते.

आता या बटणाची ताकद किती, तेही पाहू. पूर्वी कोणालाच मत द्यायचे नसेल, तर केंद्राध्यक्षाला तसे सांगून नोंद करावी लागे, म्हणजे गुप्तता राहत नसे. २७ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकांत नोटा आला. आपले मध्य प्रदेश त्या पहिल्या राज्यांत होते. लोकांची नापसंती दिसली की पक्ष चांगले उमेदवार देतील, अशी न्यायालयाची अपेक्षा होती. पण नोटाला कितीही मते पडली, तरी लोकसभेचा निकाल बदलत नाही. अनामत रकमेचा हिशेब करतानासुद्धा ती मते धरत नाहीत. महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक संस्थांपुरता वेगळा आदेश काढला. तिथे नोटा पहिला आला, तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. मात्र २०१९ च्या विधानसभेत लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला, आणि त्याने काहीही बदलले नाही. सुरतेत तर २०२४ मध्ये एकच उमेदवार उरला. मतदानच झाले नाही, तेव्हा नोटा दाबायचीही सोय राहिली नाही.

म्हणजे नोटा ही तक्रारवहीतली नोंद आहे. ती जरूर करावी. पण नोंद करून घरी गेले की काम संपले, असे मानणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. उमेदवार ठरतो तो मतदानाच्या कितीतरी आधी. त्या वेळी पक्षाच्या वॉर्डातल्या कार्यकर्त्यालाही कोणी विचारत नाही, आणि आपणही त्या कार्यकर्त्याला काही विचारत नाही. तो वर्गणीला आला की पावती घेतो, चहा देतो आणि दार लावतो. पुढच्या वेळी तिकिटे वाटली जाण्याआधी त्याला चहाबरोबर एक प्रश्नही द्यावा: "तुमच्याकडे उमेदवार कोण ठरवतो? तुम्हाला विचारतात का?" हा प्रश्न दोन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांना विचारायचा.

आणि शेवटी आपल्या घरचे. पक्षांना नावे ठेवताना आमच्यापैकी एकाने मंडळाच्या अहवालांची जुनी फाइल काढली. गेली कित्येक वर्षे प्रत्येक अहवालात एक वाक्य आहे: "कार्यकारिणीची निवड खेळीमेळीच्या वातावरणात बिनविरोध पार पडली." आपण ते कौतुकाने छापतो. आम्हीही आजवर कौतुकानेच वाचले. २०२४ नंतर मात्र ते वाक्य घशात अडकते. मंडळात भांडणे नव्हती म्हणून निवड बिनविरोध झाली, की अर्ज भरायला कोणी पुढे आले नाही म्हणून? की कोणी पुढे येऊ पाहत होते आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणून आपण त्यांना बसवले? यात आम्हीही आहोत. दोन तरुणांना आम्हीच असे बसवले होते. ते आता मंडळात येत नाहीत.

म्हणून वाचनालय गटातर्फे पुढच्या वार्षिक सभेसाठी एक सूचना देत आहोत. कार्यकारिणीसाठी अर्ज मागवावेत, ते फलकावर लावावेत, आणि एका जागेला दोन अर्ज आले तर कोणाचीही समजूत न काढता गुप्त मतदान घ्यावे. कोणी हरेल, थोडे दिवस रुसेल. रुसलेला माणूस परत येतो. ज्याला विचारलेच नाही, तो येत नाही.

सूचनेवर खुशाल विरोध नोंदवा. ती बिनविरोध मंजूर झाली, तर आम्हाला वाईट वाटेल.

गणपती बाप्पा मोरया.