चढणीचे जीव

उत्तर ध्रुवाजवळच्या नद्यांत चार नावाचा एक मासा असतो. गोड्या पाण्यात इतक्या उत्तरेस दुसरा मासा आढळत नाही. बर्फ वितळले की त्यांपैकी पुष्कळसे मासे समुद्रात उतरतात, काही आठवडे तेथे चरतात आणि हिवाळ्यापूर्वी नदीत परत चढतात. त्यांना गळाला लावण्यासाठी हौशी लोक फार दूरवरून जातात. आमिष गांडुळाचे नव्हे. आकड्याला पिसे व केस बांधून केलेली खोटी माशी! ती इतकी हलकी की स्वतःच्या वजनाने दूर जात नाही. काठीच्या झोक्याने जड दोरीच पुढे धावते आणि तिला ओढून नेते. एवढ्या खटाटोपाने धरलेला मासा पुष्कळदा पुन्हा पाण्यात सोडून देतात. हे ऐकून आमच्या धीवराला हसू येईल, आणि त्याचे हसणे वाजवीच आहे. त्याला घरची चूल पेटवावयाची असते.

परंतु नदीची वाट उघडी असल्यावाचून तो खेळही नाही आणि हा धंदाही नाही.

वैनगंगा भंडारा, पवनी ही गावे मागे टाकून वर्धेला मिळते, तेथून प्राणहिता होते आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते. ह्याच वाटेचा प्रवासी म्हणजे नदीतला मोठा झिंगा. त्याचा क्रम चारच्या उलट. चार वाढण्यासाठी समुद्रात जातो. झिंगा वाढतो नदीत, पण त्याची अंड्यांतून निघालेली पिले निमखाऱ्या पाण्यावाचून जगत नाहीत. पुराबरोबर ती खाली वाहत जातात आणि थोडी मोठी झाली की काठाकाठाने, प्रवाहाविरुद्ध, पुन्हा वर चढू लागतात. बोटाएवढ्या जिवाची ही केवढी यात्रा!

ह्या वाटेवर धवळेश्वरमचा बंधारा 1852 साली पुरा झाला. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाची कोनशिला 1988 साली बसली. धरणाने शेताला पाणी मिळते, त्याविषयी तक्रार नाही. पण भिंतीखालचा झिंगा वर कसा यावा? जलाशयात रोहू, कटला सोडावेत, असे उत्तर मिळते. हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. 1957 साली कटक येथे हिरालाल चौधरी ह्यांनी अंतःस्रावाची सुई टोचून अशा माशांची वीण घडवून आणली, तेव्हापासून त्यांचे बीज तयार करता येऊ लागले. शोध मोठा खरा. मात्र बोटुकली विकत घ्यावी लागतात, आणि ज्याच्यापाशी पैसा व ठेका त्याचाच मासा. झिंग्याचे बीज नदी फुकट आणीत असे. जाळे एवढेच भांडवल असलेल्या धीवराला हा फरक लहान नाही.

पुष्कळ देशांत बंधाऱ्यांच्या कडेला माशांसाठी पायऱ्यांची पाणवाट बांधतात. झिंग्याच्या पिलांना तर तेवढीही नको. रात्री ओल्या खडबडीत दगडावरून ती चालत चढतात. पाणी झिरपत राहील अशी एक उतरती, खरबरीत पट्टी त्यांना पुरेल.