बुटावरची बेटे



फुटबॉलचा बूट हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आले असेल. त्यातून तो हाताने रंगवलेला, आणि त्यावर चित्रे कशाची, तर कॅरिबियन समुद्रातल्या बेटांच्या संस्कृतीची! वाशीमच्या माणसाला त्याचे काय? आम्ही उभे आयुष्य हमालांच्या आणि जिनिंगमधल्या कामगारांच्या संघटनेत घालवले. शाळा थोडी, वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर. तेव्हा कलेवर बोलण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु वस्तू समोर आली की ती कोणी केली, किती वेळात केली आणि त्याच्या हाती काय पडले, हे विचारण्याची खोड आम्हांला लागली आहे. त्या खोडीपायीच हा विषय घेतला.

आधी काम कसे चालते ते पाहू. कारखान्यातून आलेल्या बुटावर एक चकचकीत लेप असतो. तो ॲसिटोनने पुसून काढावा लागतो, नाही तर वर दिलेला रंग पापुद्र्यासारखा निघून येतो. मग खास चामड्यासाठी मिळणारे, वाळल्यावरही लवचीक राहणारे रंग पातळ हाताने, थरावर थर असे द्यायचे आणि प्रत्येक थर वाळू द्यायचा. घाई करून जाड थर दिला की बूट वाकताक्षणी रंगाला भेगा. फुटबॉलचा बूट तर पावलोपावली वाकणारा, चिखलात लोळणारा. शेवटी वरून एक संरक्षक लेप. भिंतीवर चित्र काढणाऱ्याची भिंत निदान हलत तरी नाही!

आता ही बेटे. आपल्याला वेस्ट इंडीज ठाऊक आहे ते क्रिकेटमुळे. तेथे जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस, गयाना असे निरनिराळे देश एका संघातून खेळतात. फुटबॉलमध्ये तसे नाही. तेथे ज्याचे निशाण त्याचा संघ. 1974 साली हैती, 1998 साली जमैका, 2006 साली त्रिनिदाद आणि टोबॅगो विश्वचषकाला गेले. 2026 च्या स्पर्धेसाठी हैती पुन्हा पात्र ठरले, आणि त्याच दिवशी कुराकाओ नावाचे सुमारे दीड लाख वस्तीचे बेटही. एवढ्या कमी वस्तीचे राष्ट्र पूर्वी कधी पात्र ठरले नव्हते. 2011 च्या शिरगणतीत आपल्या वाशीम जिल्ह्याची वस्ती सुमारे 12 लाख होती, म्हणजे तसली सात बेटे या एका जिल्ह्यात मावतील. अशा लहान देशाचा खेळाडू जगापुढे धावतो तेव्हा पायातल्या बुटावर त्याला आपले स्वतःचे काही असावेसे वाटले, तर ती हौस म्हणून सोडून देता येत नाही.

त्रिनिदादचे चित्र म्हटले की पहिले येते ते पोलादी पिंपाचे वाद्य, स्टीलपॅन. तेलाच्या रिकाम्या पिंपाचा तळ हातोडीने ठोकून खोलगट करतात आणि त्यात एकेका सुरासाठी एकेक जागा उठवतात. मूळचे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज ढोल वाजवीत. इंग्रज सरकारने 1880 नंतरच्या दशकात त्या ढोलांवर बंधने घातली. लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे आले, डब्यांमागून पिंपे आली. 1951 साली त्यांचे एक वाद्यवृंद लंडनला जाऊन वाजवून आले, आणि 1992 साली ते त्या देशाचे राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर झाले.

याच बेटावर आपलेही लोक आहेत. 1845 साली ‘फातेल रझाक’ नावाचे जहाज उसाच्या मळ्यांसाठी गिरमिटिये मजूर घेऊन तेथे लागले. पुढे गेलेले बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांताकडचे. त्यांच्याबरोबर ताशा गेला. आपल्या वरातीत कडकडतो तोच, आज तेथे त्याला तासा म्हणतात. मोहरमचे ताजियेही गेले आणि त्या सणाचे नाव पडले ‘होसे’. 1884 साली मिरवणूक शहरात आणू नये असा हुकूम असता मजुरांनी ती आणली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. कितीतरी मजूर ठार झाले. एकाचा ढोल दाबला, दुसऱ्याचा ताजिया अडवला, दोन्ही एकाच दशकात. 1937 साली तेथल्या तेलकामगारांचा मोठा संप झाला. त्याचा पुढारी युराया बटलर हा आफ्रिकी वंशाचा, तर त्यातून उभ्या राहिलेल्या तेलकामगार संघटनेचा पहिला अध्यक्ष एड्रियन कोला रिएन्झी. याचे जन्मनाव कृष्ण देवनारायण! उसाच्या मजुरांची संघटनाही त्यानेच चालवली. आमच्या धंद्यातला माणूस, म्हणून जरा थांबलो. असो.

सांगायचे ते हे की, बुटाच्या टोकावर जे पिंप शोभा म्हणून रंगवले जाते, ते कोणाच्या तरी बंदीतून, उपासमारीतून आणि अकलेतून निघालेले असते. मग ते चित्र विकले जाते तेव्हा पैसा कोणाचा?

हा प्रश्न वाशीमला नवा नाही. आपले गाव म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. येथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे 16 व्या क्रमांकाचे लेणे करविले. तेथल्या शिलालेखात राजाची वंशावळ आहे, मंत्र्याचे नाव आहे. आतल्या भिंतींवर ज्यांनी रंग भरले त्यांचे नाव त्यात नाही. पंधराशे वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून आम्ही ती सोडून दिली असती. पण तेच काल कोल्हापूरला घडले.

कोल्हापूर हे फुटबॉलचे वेड असलेले गाव. तालमी कुस्तीसाठी निघाल्या आणि त्याच तालमींचे संघ आज शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात. त्याच गावाचे नाव पायताणाला. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा नाही. 2019 साली महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या आठ जिल्ह्यांना मिळून या चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले. जून 2025 मध्ये इटलीच्या प्रादा कंपनीने मिलान येथे तसल्याच चपला मांडल्या आणि प्रथम कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाली तेव्हा मूळ मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात लोकहिताची याचिका गेली ती फेटाळली गेली, कारण तक्रार करण्याचा हक्क मानांकनाच्या नोंदणीकृत धन्याचा. तो धनी म्हणजे दोन राज्यांची दोन चर्मोद्योग महामंडळे. शिवणारा कोठेच नाही! पुढे डिसेंबरमध्ये कंपनीचा त्या महामंडळांशी करार झाला: 2,000 जोड येथे करायचे आणि जोडाची किंमत सुमारे 800 युरो.

पुष्कळांनी यावर टाळ्या वाजवल्या. नाव मिळाले हे चांगलेच झाले. पण नावाने चूल पेटत नाही. एकदा कारागिरांच्या बैठकीत आम्ही विचारले, चपलेवरच्या वेणीचे किती धरता? एक म्हातारे चर्मकार म्हणाले, “दादा, वेणी बायका घरी घालतात. तिचं वेगळं काय धरायचं?” मागे बसलेल्या बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. त्या हसण्याचा अर्थ त्या म्हाताऱ्यांना कळला असावा, कारण पुढे बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

बूट रंगवणाऱ्या पोरांनाही हेच लागू. जोडावर खर्ची पडलेल्या तासांचा हिशेब त्यांनी पहिल्यापासून लिहून ठेवावा, आणि दर ठरवताना एकेकट्याने गिऱ्हाइकापुढे बसू नये.

2025 साली आपल्या राज्याच्या महामंडळाने कोल्हापुरी चपलेला एक ठिपक्यांचा चौकोन जोडला. फोनने तो टिपला की कारागिराचे नाव, गाव, कातडे, पद्धत सारे दिसते. अजिंठ्याच्या मानाने ही मोठीच मजल म्हणायची. त्यात आणखी एक ओळ मावते, मजुरीच्या दराची. आणि त्या ओळीत वेणीचा दर वेगळा असावा. एवढ्या मजकुराचा अर्ज आम्ही लिहून आणला आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांच्यासाठी तो बाहेर, चपला काढून ठेवल्या आहेत तेथल्या टेबलावर आहे.