पाठलाग आणि बेडी

चाळीसगावाहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटास औट्रम घाट म्हणतात. जेम्स औट्रम १८२५ साली खानदेशात आला, तेव्हा डोंगरांतील बंडखोर भिल्लांचा पाठलाग करता करता सरकारी पलटणी तापाने खंगल्या होत्या. रानवाटा ठाऊक भिल्लांसच! औट्रमने पकडलेल्या भिल्लांतूनच आपल्या भिल्ल पलटणीचे पहिले शिपाई निवडले. धरणगाव हे तिचे ठाणे झाले. काल ज्याचा माग काढीत, तोच आज माग काढू लागला. बेडी पडली म्हणून माणूस वाया गेला असे होत नाही. मग ज्याचा अपराध शाबीत व्हावयाचा आहे, त्याची कथा काय? यास्तव राज्यघटनेचे २२ वे कलम सांगते की, अटकेचे कारण कळवावे व प्रवासकाळ वगळून २४ तासांत त्यास दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे. शिपायाची धाव अटकेपाशी संपते, निवाडा न्यायासनाचा.