सुट्या भागांचें संगीत

भोसरीच्या एखाद्या लहानशा कारखान्यांत यंत्राचा सुटा भाग तयार होतो आणि चाकण येथें तो मोटारींत बसविला जातो. घडविणारा कारागीर व जोडणारा कामगार यांची कधीं गांठ पडत नाहीं. तरीहि भाग बरोबर बसतो. कारण दोघांचें माप एक असतें. पिंपरी-चिंचवडच्या श्रोत्यांस ही गोष्ट नित्याची आहे. परंतु संगीतहि असें सुट्या भागांनीं घडेल काय? ‘शक्ति’ या वाद्यवृंदानें या प्रश्नाचें उत्तर २०२३ सालीं दिलें.

या वृंदाचे प्रवर्तक जॉन मॅक्लॉफ्लिन हे इंग्रज गिटारवादक होत. १९७१ सालीं त्यांनीं ‘महाविष्णु ऑर्केस्ट्रा’ स्थापिला. रॉक संगीताचा विजेच्या वाद्यांवरील गजर, जॅझचा उत्स्फूर्त विस्तार आणि विषम मात्रांचे ठेके यांचा त्यांत मिलाफ होता. पुढें तो गजर बाजूस ठेवून त्यांनीं साधी गिटार हातीं घेतली आणि तबलावादक झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर व घटम्‌वादक विनायकराम यांच्यासह ‘शक्ति’ उभी केली. १९७७ च्या ‘नॅचरल एलिमेंट्स’नंतर स्टुडिओंत घडलेली पुढची ध्वनिमुद्रिका निघावयास ४६ वर्षें लागलीं. तीच ‘धिस मोमेंट’, म्हणजे ‘हा क्षण’.

तींत आठ रचना आहेत. करोनाच्या साथीनें प्रवास बंद पाडले, तेव्हां कलावंतांनीं दूरदूर बसून आपापला भाग मुद्रित केला, एकमेकांकडे धाडला व मग सारे भाग जोडले. व्हायोलिन गणेश राजगोपालन् यांचें, कंजिरा विनायकरामांचे पुत्र सेल्वगणेश यांचा. गायक शंकर महादेवन् हे श्रीनिवास खळे यांचे शिष्य. याच पट्ट्यांतील देहूच्या तुकोबांच्या अभंगांना चाली देणारे ते खळे.

येथें सर्वांचें माप एकच, तें म्हणजे ताल. दक्षिणेंतील कोन्नकोल पद्धतींत ठेका आधीं तोंडानें बोलतात, हातानें मोजतात आणि मग वाजवितात. ही विद्या मॅक्लॉफ्लिन यांनींहि आत्मसात केली आहे. तथापि माप जुळल्यानें भाग केवळ बसतो. गाणें रंगतें तें सोबत्याचा स्वभाव ठाऊक असल्यानें. झाकीर हुसेन कोठें थांबतील, कोठें उसळतील, हें मॅक्लॉफ्लिन यांस सुमारें पन्नास वर्षांच्या सहवासानें कळत होतें. म्हणूनच दूर बसूनहि त्यांचें वादन एकत्र झालें.

फेब्रुवारी २०२४ मध्यें या ध्वनिमुद्रिकेस ग्रॅमी पारितोषिक मिळालें. १५ डिसेंबर २०२४ रोजीं झाकीर हुसेन निवर्तले. कारखान्यांत झिजलेला भाग बदलतां येतो, हा भाग पुन्हां घडणार नाहीं. एकाच पाळींत, शेजारच्या यंत्रावर, दूरच्या प्रांतांतून आलेला सोबती उभा असतो. त्याच्या कामाचें माप आपणांस पाठ असतें, नांव मात्र पुष्कळदां ठाऊक नसतें. तें विचारावयास हाच क्षण योग्य होय.