जागत्या रात्रींचा हंगाम



पाऊस सरला, भात घरात आले, आणि आता गोमंतकातील रात्री जाग्या होऊ लागतील. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ हा आमच्याकडील रंगभूमीचा हंगाम. या दिवसांत काय पाहावयास मिळते ते सांगावे, आणि शेवटी एक विनंती करावी, एवढ्यासाठी हे भाषण.

पहिला मान दशावतारी काल्याचा. पेडण्याच्या बाजूस जत्रा सुरू झाल्या की काल्याचा मृदंग ऐकू येऊ लागतो. आधी गणपती, रिद्धिसिद्धी, सरस्वती, मग संकासुर, आणि त्यानंतर पौराणिक आख्यान. या नाटकास लिहिलेली संहिता नसते. कथानक नट आधी आपसांत ठरवितात आणि संवाद रंगभूमीवर उभ्या उभ्या रचितात. सिंहासन म्हणून एक साधे बाकडे पुरते. भाषा शिकविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला याहून चांगली शाळा ठाऊक नाही.

त्याच सुमारास देवळांच्या मंडपांतून उत्सवी मराठी नाटके उभी राहतात. मंगेशीस १९०० साली जन्मलेले मास्टर दीनानाथ मंगेशकर पुढे महाराष्ट्राच्या रंगभूमीचे भूषण ठरले. अशा गुणांना पहिला आसरा देणारी भूमी ती हीच.

नाताळानंतरच्या पहिल्या सोमवारी शिवोलीचा जागर होतो. तेथे हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही नमनाला उभे राहतात. दोन्ही धर्मांतील माणसांनी एकाच मांडावर रात्र जागविण्याची ही रीत ज्यांनी पाहिली नसेल, त्यांनी यंदा अवश्य पाहावी. पुढे उपवासकाळाच्या आधी कार्निव्हाल येतो, आणि साष्टीच्या गावांतून कोकणी खेळ करणाऱ्या मंडळ्या फिरू लागतात. कोकणी तियात्राचा पहिला प्रयोग १८९२ साली मुंबईत झाला, हेही येथे आठवावे. शेवटी फाल्गुनात शिगमा. त्यात घुमणारे घुमट २०१९ साली गोव्याचे वारसा-वाद्य म्हणून घोषित झाले. पूर्वी त्यास घोरपडीचे कातडे लावीत. कायद्याने घोरपडीस संरक्षण मिळाल्यावर शेळीचे कातडे आले. कातडे बदलले, पण वाद्य टिकले.

नाटकाचे मात्र तसे होईल ना, ही मला चिंता आहे. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. धडा वाचताना तो अडखळे. गतवर्षी गावच्या उत्सवी नाटकात त्याला दूताची चार वाक्यांची भूमिका मिळाली. महिनाभर तो तालमीस गेला, आणि उत्सवाच्या रात्री ती चारही वाक्ये त्याने खणखणीत म्हटली. त्यानंतर तो वर्गात आपण होऊन वाचावयास उभा राहू लागला. यंदा मी सहज विचारले, "काय रे, नाटक कोणते?" खाली पाहत तो म्हणाला, "सर, यंदा नाटक नाही. तालमीला माणसे जमत नाहीत. बाहेरचा ऑर्केस्ट्रा आणणार आहेत."

ऑर्केस्ट्रा वाईट असे मी म्हणत नाही. पण त्यात त्या मुलाला चार वाक्ये मिळणार नाहीत. विकत आणलेली करमणूक एका रात्रीत संपते. तालीम माणसाला महिनाभर घडविते.

मी ख्रिस्ती घरात वाढलो. तरी उत्सवाच्या दिवशी दुपारीच मंडपात आमची चटई पसरलेली असे, आणि 'तुम्ही येथे कसे?' असे आम्हांस कधी कोणी विचारले नाही. म्हणून विनंती एवढीच: यंदा आपल्या गावी नाटक असेल तर पाहावयास जाच, पण त्याआधी एखाद्या संध्याकाळी तालमीसही जा. पेट्रोमॅक्स जाऊन विजेचे दिवे आले, त्याने काही बिघडले नाही. दिव्याखाली उभे राहणारे आपले मूल मात्र हवे.