मुलाचा श्वास मोजायला शिका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही आणि शिक्षणही सातवीपर्यंतच. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी घडले तेच सांगा, चारचौघींना उपयोग होईल." म्हणून उभी राहिले आहे.

गेल्या थंडीत माझी लेक माहेरपणाला आली होती. बरोबर तिचा दीड वर्षाचा मुलगा. दुसऱ्याच दिवशी त्याला ताप भरला. नाक वाहू लागले, घसा धरला, डोळे लालबुंद झाले. लेक म्हणाली, "आई, डॉक्टरांकडे जाऊ या." मी म्हटले, "तीन मुले वाढवली मी. डोळे आलेत, दुसरे काही नाही." फडताळात अँटिबायोटिकची जुनी उरलेली बाटली होती, तीच पाजली.

ताप उतरेना. पाचव्या दिवशी मूल पाणीही घेईना. शेजारच्या काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं, श्वास घेताना याच्या बरगड्यांखाली खळगा पडतोय बघ!" माझे हातपायच गळाले.

डॉक्टरांनी त्याचे झबले वर केले आणि घड्याळ समोर धरून मिनिटभर श्वास मोजले. 58 भरले! चार दिवस त्याला रुग्णालयात ऑक्सिजनवर ठेवावे लागले. नाकातला नमुना तपासला, तेव्हा ॲडिनोव्हायरस निघाला.

हे नाव मी प्रथमच ऐकले. हा विषाणू 1953 साली अमेरिकेत सापडला, तो मुलांच्या नाकामागच्या ॲडिनॉइड गाठींत. म्हणून हे नाव. त्याचे पन्नासाहून अधिक प्रकार आहेत. कोणी घसा व डोळे धरतो, कोणी जुलाब लावतो, कोणी फुफ्फुसापर्यंत पोचतो. बहुतेक मुले आपोआप बरी होतात. पण तान्ह्या, अशक्त किंवा हृदयाचे दुखणे असलेल्या मुलांना तो जड जातो. 2023 च्या आरंभी पश्चिम बंगालमध्ये त्याची साथ आली, तीत मुले दगावलीही.

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. म्हणजे माझी ती बाटली फुकट, आणि तिच्या भरवशावर घालवलेले दिवसही फुकट.

मग आपण करायचे काय? तापाचे औषध डॉक्टर सांगतील तेवढेच द्यावे. ॲस्पिरिन मुळीच देऊ नये. अंगावरचे दूध, पेज, पाणी थोडे थोडे देत राहावे. जुलाब होत असतील तर ओआरएस द्यावे. हात साबणानेच धुवावेत, नुसते सॅनिटायझर या विषाणूला पुरे पडत नाही. आजारी मुलाचा टॉवेल वेगळा ठेवावा, त्याला बालवाडीत पाठवू नये. मूल बरे झाले तरी विषाणू शौचावाटे कित्येक दिवस बाहेर पडतो, तेव्हा दुपटी बदलल्यावर हात धुण्यात आळस नको.

आणि मुख्य गोष्ट. मूल शांत असताना, रडत नसताना, पूर्ण एक मिनिट पोटाकडे पाहून श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे 60, दोन महिने ते वर्षाच्या आतील मुलाचे 50 आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा अधिक भरले, तर थांबू नका. छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसले, मूल पीत नसेल, गुंगीत असेल किंवा लघवी फार कमी झाली असेल, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठा.

नातू आता घरभर धावतो. लेक मला एका शब्दानेही बोलली नाही, आणि तेच मला अधिक लागले. तिला जे कळले होते, ते माझ्या वडीलपणाने ऐकू दिले नाही. म्हणून माझ्या वयाच्या बायकांना हात जोडून सांगते, घरातली लेक-सून "डॉक्टरांकडे जाऊ" म्हणाली, तर तिला अडवू नका. पायात चपला घाला आणि तिच्याबरोबर निघा.

एवढे बोलून माझे चार शब्द संपवते.